बरणी कुणी भरायची

दुसरीच्या बाई रजेवरून परत आल्या तेव्हा जो तो त्यांना विचारायचा, आता कसं वाटतंय. बाई ज्याला त्याला सांगायच्या, बरं वाटतंय. खरं तर त्यांना काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग गाल असतो पण आपला नसतो, चिमटा काढला तर शेजाऱ्याला काढल्यासारखा वाटतो. तसं बाईंचं सगळंच झालं होतं. वडील गेले तेव्हापासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या. वहिनी पुढ्यात चहा ठेवायची, त्यावर साय धरायची, वहिनी तो उचलून न्यायची. जाताना म्हणायची, ताई, एकदा मोकळ्या व्हा हो. बाई मान डोलवायच्या, जणू वहिनीनं दूध संपलंय असं सांगितलंय.

वडील शिंपी होते. दुकानात उरलेली एकांडी बटणं ते एका डब्यात टाकायचे, आणि तो डबा बाईंनी केव्हाच वर्गात आणला होता. कारण दुसरीच्या वर्गात बक्षीस द्यायची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. शेजारच्या वर्गातल्या नव्या बाई हजेरीच्या तक्त्यावर चांदण्या चिकटवायच्या आणि चांदण्या जमल्या की गोळ्या वाटायच्या, त्यामुळे तिथं सतत कुणीतरी चघळत असायचं. आपल्या बाईंचं म्हणणं असं, की गोळी जिभेवर विरघळते आणि शहाणपणही तिच्याबरोबर पोटात जातं. म्हणून त्यांनी टेबलावर काचेची बरणी ठेवली होती. सगळ्या वर्गानं मिळून काही चांगलं केलं की बरणीत एक बटण. बरणी भरली की बक्षीस, तेही डोळे मिटून हात वर करून निवडायचं, म्हणजे कुणी कुणाचं बघून हात वर करायला नको. बाईंच्या खुर्चीत बसणे. बूट काढून अख्खा दिवस मोज्यांवर वावरणे. शाळा सुटायची घंटा स्वतः वाजवणे. फळ्यावर रंगीत खडूनं हवं ते काढणे, अगदी मोठ्या बाईंचं चित्रसुद्धा, फक्त ते नंतर पुसायचं.

आणि सगळ्यांत भारी बक्षीस म्हणजे गाढव डॉक्टर. ही गोष्ट बाईंनी स्वतःच रचली होती. एक गाढव दवाखाना काढतं आणि येईल त्या रोग्याला एकच औषध सांगतं: पाठीवर ओझं घ्या आणि डोंगर चढा. गाढव बोलायचं ते दात आवळून, नाकातून, शब्द गिळत. पोरं हसून हसून बाकांखाली जायची. तो आवाज बाईंच्या वडिलांचा होता हे मात्र पोरांना ठाऊक नव्हतं. दातांत दोरा धरून गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांची ती ढब बाईंनी जशीच्या तशी उचलली होती.

रजेवरून आल्यापासून गाढव डॉक्टर बंद होता. बरणीही बंद होती. म्हणजे कुणी बंद केली नव्हती, बाईंच्या लक्षातच यायचं नाही. पोरं रांगेत चिडीचूप उभी राहिली, सांडलेले रंग सगळ्यांनी मिळून पुसले, ढब्बूनं चक्क आपला खोडरबर दुसऱ्याला दिला, तरी बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या.

शेवटी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त गोल गोल बोलणं त्यांना जमायचं नाही. वाचनालयात जागा आहे, त्या म्हणाल्या, पुस्तकं लावायची, कुणाशी बोलायची कटकट नाही. दुसरी नव्या बाईंकडे देऊ. "पण तुम्ही होय म्हटल्याशिवाय मी हलवणार नाही. शनिवारी शाळा सुटायच्या आत मला सांगा, वर्ग हवा की नको."

बाईंनी मनात चाचपून बघितलं. हवा आहे का? नको आहे का? दोन्हीकडे सारखंच, गार पाण्यात हात घातल्यासारखं. त्यांना वाटलं, नको म्हणावं, निदान उत्तर तरी होईल.

शनिवारी सकाळी त्या वर्गात आल्या तर बरणी काठोकाठ भरलेली. त्यांनी तीही बघितली आणि हजेरी घ्यायला लागल्या. ढब्बूचा सदरा पोटावर उघडा होता, तेही बघितलं आणि पुढचं नाव घेतलं.

मधल्या सुट्टीआधी ढब्बूची आई दारात येऊन उभी राहिली, मागोमाग मोठ्या बाई. आईच्या हातात एक छोटा सदरा होता, एकही बटण नसलेला. तिनं विचारलं, शाळेनं आता फीमध्ये बटणं घ्यायला सुरुवात केलीय का, म्हणजे तसं सांगा, मी पोराला सदऱ्याऐवजी गोणपाट घालून पाठवते. कालचा हा आणि आज अंगावरचा तो, दोन्ही सोलून काढलेत. माझी कात्रीही दप्तरात सापडली, ती म्हणाली, आणि वर हा मला सांगतो की वर्गाचं काम होतं.

मोठ्या बाईंनी वर्गाकडे बघितलं. तेव्हा कुठे त्यांना दिसलं. कुणाच्या बाहीचं बटण नव्हतं, कुणाच्या गळ्याचं. एकीचा फ्रॉक मागून सुटून खांद्यावरून घसरत होता आणि ती तो हनुवटीनं धरून बसली होती.

"हे कुणी सांगितलं करायला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या माना पुढे वळल्या. मग पहिल्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली. वाद घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून सगळे तिला वकिलीण म्हणायचे. ती म्हणाली की कुणी सांगितलं नाही, ठरलं. आम्ही चांगलं वागत होतो. बाई बटण टाकायला विसरत होत्या. मग जेवढं चांगलं वागलो तेवढी बटणं आमची आम्हीच टाकली.

"बरणी बाईंनी भरायची असते ना?"

"तसं ठरलं नव्हतं," वकिलीण म्हणाली. "बरणी भरली की बक्षीस, एवढंच ठरलं होतं. कुणी भरायची ते नव्हतं ठरलं."

ढब्बूची आई तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच गंभीर झाली. मोठ्या बाईंनी विचारलं, मग एवढं करून हवंय तरी काय तुम्हाला. वकिलिणीनं वर्गाला डोळे मिटायला लावले. गाढव डॉक्टर, असं तिनं म्हणताच सगळे हात वर गेले. ढब्बूचाही, जो आजवर खुर्चीशिवाय कशाला हात वर करत नव्हता. त्याचे तर दोन्ही वर होते.

बाई म्हणाल्या, "तो आवाज आता येत नाही मला."

"हरवला?" ढब्बूनं डोळे मिटूनच विचारलं.

"हो."

पोरांनी एकेक करून डोळे उघडले.

बाई उठल्या. त्यांना काही वाटलं म्हणून नव्हे, तर पोरं अशी उघडी घरी कशी पाठवायची म्हणून. शिवणाच्या कपाटातून त्यांनी सुई आणली, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणलं आणि बरणी टेबलावर उपडी केली. करड्या, तपकिरी, जुन्या बटणांत पोरांची बटणं कुठली ते लगेच कळत होतं, कारण त्यांच्या भोकांत तुटका दोरा तसाच होता. त्यांनी सांगितलं, आपापलं शोधा आणि रांगेत या.

पहिला ढब्बू. बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. बटणाखाली त्यांनी झाडूची काडी धरली, वरून टाके घातले, मग काडी ओढून घेतली आणि खाली राहिलेल्या जागेत दोऱ्याचे वेढे दिले. बटणाला मान पाहिजे, वडील म्हणायचे, मुंडकं धडाला चिकटवलं तर ते वळणार कसं. बाईंना हे आठवलं नाही. हातांना आठवलं.

दुसऱ्या बटणासाठी दोरा ओवायचा म्हणून त्यांनी टोक दातांत धरलं. ढब्बू पोट आत ओढून उभा होता. तो म्हणाला, बाई, गुदगुल्या होतात.

"हलू नकोस, नाहीतर पोटच शिवून टाकीन," बाई दोरा न सोडता म्हणाल्या.

ते दात आवळून आलं. नाकातून आलं, शब्द गिळत आलं.

रांग थबकली. ढब्बूनं खाली वाकून बाईंच्या तोंडात बघितलं, गाढव तिथं कुठं बसलंय का ते. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, डॉक्टर, माझंही पोट दुखतंय.

बाईंनी सुई खाली ठेवली नाही. दोराही सोडला नाही. "मग पाठीवर ओझं घ्या," त्या म्हणाल्या, "आणि डोंगर चढा."

पोरं बाकांखाली गेली. ढब्बू हसायला लागला आणि त्याचं पोट बाईंच्या बोटांवर आपटायला लागलं. सुई घसरून अंगठ्यात गेली. रक्ताचा थेंब आला, बारका, टाचणीच्या डोक्याएवढा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. दुखत होतं. फार नव्हे, पण त्यांनाच, शेजाऱ्याला नव्हे.

"मग वाचनालयाचं काय सांगू?" मोठ्या बाईंनी दारातून हळू आवाजात विचारलं.

बाईंनी वर बघितलं नाही. रांग केवढी लांब होती, आणि वकिलिणीच्या गळ्याचं बटण तर अजून सापडायचं होतं.

"राहू द्या," त्या दातांतल्या दोऱ्यातून म्हणाल्या. "ही बटणं तरी होऊ देत."

 मोठ्या बाई आत आल्या, टेबलावरचं एक करडं बटण उचललं आणि रिकाम्या बरणीत टाकलं. टण्ण आवाज झाला. वकिलिणीनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, आता बघा, ह्यांनीही टाकलं.