आप्पांचा डावा पाय

कॅम्पातल्या मधुमेहाच्या दवाखान्यात कल्याणी नर्स होती. आलेल्या माणसाचे तळपाय उलटे करून बघायचे, हे तिचं रोजचं काम. जखम चिघळलेली दिसली की ती घरच्यांवर खेकसायची, "माणूस रोज समोर असतो ना? डोळे फुटलेत काय तुमचे?"

आज चपला काढून तिच्यासमोर बसले ते तिचेच सासरे, मारुतीआप्पा. शेजारच्या रघुवीरनं त्यांना पिरनवाडीहून ओढून आणलं होतं. डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, मधोमध काळी पडलेली. पायाला स्पर्श कळतो का ते बघायला डॉक्टरांनी बाजूला नायलॉनची काडी टोचली, तरी आप्पा निवांत भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

"कधीपासून आहे हे?" कल्याणीचा आवाज चढला.

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"आणि मला सांगितलं नाही?"

आप्पा ओशाळले. "दिवाळीला तू पाया पडलीस की. संक्रांतीला बी पडलीस. म्हटलं, पोरगी रोज पायच बघती, काय असतं तर बोलली असती."

कल्याणीला कुणाकडंच बघवेना. दोन्ही सणांना ड्यूटीवर निघायच्या घाईत तिनं त्याच अंगठ्याला बोटं टेकवली होती. वरून.