निधीला हात लावायचा नाही

नानासाहेबांना राज्यघटना दुरुस्त करायची होती. देशाची. त्यांनी ती वाचलेली नव्हती, पण त्यावाचून काही अडत नाही, हे मी समितीचा सचिव म्हणून सहा वर्षांत शिकलो आहे.

आमची समिती म्हणजे शहराच्या दक्षिणेकडची टेकडी सांभाळणारे चार रिकामटेकडे. टेकडीवर सकाळी फिरायची पायवाट आहे, पोरं पोलीस भरतीसाठी धावतात ते पटांगण आहे आणि दोन वर्षांपूर्वी लावलेली चिंच, कवठ, बकुळ यांची सहाशे रोपं. त्यासाठी सरकारी निधी येतो. गेल्या साली त्यातून स्वागत कमान झाली. कमानीवर टेकडीच्या नावापेक्षा अध्यक्ष नानासाहेबांचं नाव मोठं. लोक बोंबलले, पेपरात आलं, तसे नानासाहेब रातोरात निधीचे रक्षणकर्ते झाले.

"झाडांचा आन् मैदानाचा पैसा कुणालाच दुसरीकडं वळवता नाय आला पाहिजे," ते बैठकीत म्हणाले. "थेट घटनेतच कलम टाकायला लावू."

मागणी रास्त होती. म्हणूनच जास्त राग येतो. असली माणसं चांगल्या गोष्टीला चिकटली की ती गोष्टच ओशाळवाणी दिसू लागते.

राजेंद्र आमचे वकील. दिल्ली लांब पडते म्हणून मुंबईला मंत्रालयात निवेदन द्यायचं, तर आधी आपण उदाहरण घालून द्यावं, असं त्यांनी सुचवलं. ठराव झाला : घटनेत तरतूद होईपर्यंत निधीतला एक रुपयाही खर्च करायचा नाही. आप्पासाहेबांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. त्यांनी विचारलं, "मंग मुंबईचं भाडं?" तेवढा अपवाद घातला, वातानुकूलित डब्याचा. सत्काराच्या शाली आप्पासाहेबांच्याच दुकानातून घ्यायच्या, हा दुसरा अपवाद. नंतर राजेंद्रांनी बजावलं की आता तिसरा अपवाद नको, ठरावाची किंमत जाते.

याच निधीतून येणारा झाडांचा टँकर कुणाला आठवला नाही. मला आठवला. मार्च संपत आला होता, आणि जिथं घरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथं टेकडीवर कुठून येणार? पण चहा आला होता आणि मला वाद नको होता. मी ठराव सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि कमानीवर चिकटवायला दिला.

तिघं मुंबईला जाऊन आले. कुणी मोठा भेटला नाही, म्हणून एका कारकुनालाच शाल पांघरून आले. फोटो मात्र झकास आले.

मी टेकडीवर गेलो तो थेट मेच्या मध्यावर. सात आठवडे जायचं टाळलंच होतं. कमानीखाली रत्नमाला कळशी घेऊन बसली होती. झाडांना पाणी घालायला ठेवलेली बाई ती. एकेका रोपाला आळं करून तिनं ती कमरेएवढी वाढवली होती. आता सगळा उतार तपकिरी झाला होता.

"टँकर का बंद केला, साहेब?"

मी घटना, कलम, निधीचं संरक्षण, सगळं समजावलं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

"घटना मला नका सांगू," ती म्हणाली. "आमच्या घरात हाय ती. लेकीनं वाचून दाखवलीया. झाडं, तळी, जितराबं राखा, असं तिच्यात आधीच लिवलंय. पाणी तोडा असं कुठंच नाय."

मी जवळचं एक रोप वाकवून पाहिलं, ते कडकन मोडलं. मग विचारलं, "एखादं तरी जगलंय का?"

"व्हय, एकोणीस. घरच्या पाण्यातनं कळशी कळशी आणती मी."

"कुठली? दाखव की."

"नाय दाखवणार. तुमाला कळली, तर तुमी त्यांचं बी रक्षण कराल."

मी टेकडी उतरून रस्त्याला लागेपर्यंत ती जागची हलली नाही.