चौथा बाण

दोनदा नापास झालेल्या सासऱ्याची शिकवणी घेणं काय असतं, ते जिच्यावर वेळ आली त्या सुनेनंच जाणावं. शाळेत ती अकरावीला भौतिकशास्त्र शिकवायची. तिथं "डोकं घरी ठेवून आलात का?" असं बिनदिक्कत विचारता यायचं. इथं समोर बाबा, नाकावर घसरलेला चष्मा आणि टोक काढकाढून बोटभर उरलेली पेन्सिल.

बाबा कारखान्यात यंत्रं उचलणाऱ्या टोळीचे मुकादम. बोजाला पट्टे बांधायचे, ते क्रेनच्या हुकात अडकवायचे, इशारा द्यायचा आणि बोजा अलगद जागेवर उतरवायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या टोळीत कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं. पण आता नवा नियम आला होता: कागदावर बलांची आकृती काढून दाखवील, तोच हुकाखाली उभा राहील. तिसऱ्यांदा गचकले की फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची. घरात कुणी 'फाटक' म्हटलं तरी बाबांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

"आता नुसती पेटी बघा," ती म्हणाली. "बाकी सगळं पुसून टाका. क्रेन नाही, माणसं नाहीत. पेटीला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, तेवढेच बाण."

बाबांनी खाली जाणारा एक बाण काढला, वजनाचा. वर जाणारे दोन तिरके, पट्ट्यांचे. मग पेटीच्या कुशीत एक आडवा चौथा.

"हा कोणाचा?"

"माझा. हात असतो ना बोजावर."

"तो कशाला, बाबा? परीक्षकांनी दोन्ही वेळेला हाच खोडलाय."

"परीक्षकांनी आयुष्यात पिशवीखेरीज काही उचललंय का, ते विचार आधी. हात न ठेवता बोजा उचलणारा माझ्या टोळीत टिकत नाही."

वाद नको म्हणून तिनं स्वतःच भराभर आकृती काढली. बाबा चष्मा सावरत वाकले.

"पट्टे एवढे फाकलेत आणि बाण एवढुसे? इतक्या फाकेला एकेका पट्ट्यावर अख्ख्या पेटीएवढा ताण येतो, सूनबाई. तुटेल हे."

तिनं हिशेब मांडला. एकशेवीस अंशाचा कोन. बाबांचं तंतोतंत बरोबर होतं. गेली पाच वर्षं फळ्यावर ती हेच एवढुसे बाण काढत आली होती. तिनं खोडरबर घेतलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती कारखान्याच्या आवारात गेली. एक जुनं लेथ मशीन हुकाला लटकत होतं, जमिनीपासून वीतभर वर. बाबांचा तळवा त्याच्या अंगावर होता, ताप बघावा तसा.

"बाबा, हात काढता?"

"आता?"

"स्थिर आहे ना? मग क्षणभर काढा."

त्यांनी हात काढला. मशीन जागचं हललं नाही. पट्टे तसेच ताठ, क्रेनवाला वर बसून जांभई देत होता. बाबांनी परत हात ठेवला, परत काढला. असं तीनदा.

"म्हणजे मी नसलो तरी हे लटकणारच," ते म्हणाले.

आपण जिंकलो, असं वाटायला हवं होतं. तिला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

पुढचे दोन दिवस बाबा वहीकडे फिरकले नाहीत. मंगळवारी परीक्षा. सोमवारी संध्याकाळी तीच त्यांच्या खोलीच्या दाराशी गेली.

"बाबा, खुशाल काढा आकृतीत तो चौथा बाण. जाईल एखादा मार्क. बाकीचं तुमचं पक्कं आहे."

"चुकीचा आहे ना तो?"

"आकृतीत चुकीचा. हात ठेवता ते बरोबरच आहे. बोजा डोलायला लागला की सगळ्यात आधी तुम्हाला कळतं. कळण्याचा बाण नसतो, एवढंच."

बाबांनी तळवा उलटसुलट करून पाहिला.

"एकतीस वर्षं मला वाटत होतं, थोडं मीही पेलतोय," ते म्हणाले. "ये आत. वही आण. तीन पट्ट्यांचं गणित दे एखादं."

मंगळवारी ती परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसून होती. बाबा बाहेर आले ते घामेजलेले, हातात शिक्का मारलेला कागद.

"पास?"

"पास. परीक्षक तोच होता. म्हणाला, मुकादम, गेल्या दोन्ही वेळेला चार बाण होते, एक कुठं गेला? म्हटलं, सुनेनं खोडला."

"मी कुठं खोडला? हात तुम्हीच काढलात."

"ते खरं," बाबा कागदाची घडी घालत म्हणाले, "पण ते सगळं सांगत बसलो असतो तर त्यानं हा कागद परत मागितला असता."