कपाळावर आलेला मागचा केस

मित्रांनो, मी एक जुना केस आहे. खरे सांगायचे तर केसाचे मूळ. जन्मलो एका न्हाव्याच्या डोक्यामागे, मानेच्या वर. आता माझा मुक्काम कपाळालगत आहे. मधल्या काळात जी घालमेल सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

आमचा मालक दिवसभर दुसऱ्यांचे केस कापायचा आणि स्वतः टोपी घालून वावरायचा. त्याच्या पुढच्या बऱ्याच केसांनी काढता पाय घेतला होता. गिऱ्हाइके चेष्टा करायची, तोही हसायचा, पण टोपी काढायचा नाही. आपल्या दुकानात बोडक्याने उभे राहता यावे, एवढीच त्याची इच्छा होती.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हा मागच्यांना मुळासकट काढून पुढे लावले. मी धास्तावलो. जिथे इतके जण गारद झाले, तिथे माझा काय टिकाव लागणार? मालकालाही तीच धाकधूक. बाईंनी समजावले, की टक्कल पाडणारा हार्मोन रक्तातून सगळ्या डोक्यात फिरतो. पुढच्या मुळांना तो बाधतो. मग केस दर खेपेस आधीपेक्षा बारीक उगवतो आणि शेवटी उगवतच नाही. मागच्या मुळांना तो सहसा बाधत नाही. हा गुण जागेचा नाही, मुळाचा आहे. मूळ हलवले तरी तो सोबत येतो.

ऐकून बरे वाटले, पण थोड्याच आठवड्यांत माझा केस गळाला. मालकाचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, केस गळतो, मूळ आत शाबूत असते, धीर धरा. धीर कसला धरता! मी आत नुसता चुळबुळत होतो. काही महिन्यांनी डोके वर काढले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मालकाने टोपी खुंटीला टांगली.

तिथेच चूक झाली. माझ्या मागे एक तिथलाच जुना केस होता. पंख्याचा वारा आला की तो मला टेकायचा. त्याच्यासारख्यांसाठी बाईंनी रोज लावायचे औषध दिले होते. मालकाने ठरवले, पक्के केस आले, आता औषध कशाला? बाटली फळीवर धूळ खात राहिली. माझा हा शेजारी रोडावत गेला. मी मात्र जाड होत होतो, आणि मला त्याची लाज वाटायची.

मालक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे छोटा आरसा धरून मागची बाजू दाखवायचा. स्वतःच्या मागे त्याने तो कधीच धरला नव्हता. अखेर बायकोने त्याला त्याच्याच खुर्चीत बसवले आणि मागून जरा वर आरसा धरला. पुढे आमची दाट रांग होती आणि तिच्यामागे उघडी टाळू.

"कुंपण तेवढं छान घातलंत," ती म्हणाली, "आणि आतलं वाळू दिलंत."

मालकाने टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला वाटलं, हे टिकले म्हणजे सगळेच टिकले."

औषध पुन्हा सुरू झाले आहे. बाई म्हणतात, उरलेले बरेचसे तग धरतील, गेलेल्यांचे सांगता येत नाही. पंखा रोज फिरतो. शेजारी टेकतो की नाही, हे आता मला नीट कळत नाही.

मित्रांनो, माझी काळजी सोडा. मला कुठेही लावा, मी टिकेन. त्या शेजाऱ्याला तेवढे आज औषध लावले का, ते कोणीतरी बघा. मला इथून मागे वळून बघता येत नाही.