पेच क्रमांक ३१४७

आमच्या पोर्ट लॅनार्कच्या विद्यापीठात संशोधनाची नैतिकता तपासणारी एक समिती आहे, आणि तिच्यात विद्यापीठाशी काडीचाही संबंध नसलेला एक माणूस असावा असा नियम आहे. सात वर्षं झाली, तो माणूस मी आहे. वर्तमानपत्रात चाळीस वर्षं गावाची टिंगल केल्यामुळे माझा कोणाशीच संबंध उरला नव्हता, त्यामुळे निवड सोपी गेली. काम एवढंच, की आलेले कागद वाचायचे आणि अंड्याचं सँडविच खायचं. बाकीचे सभासद विद्वान असल्यामुळे नुसतं सँडविच खातात.

रोझलीन कॉर्मिये मला अशीच कागदांतून भेटली. कॅनडाच्या पूर्वेला न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरची, फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांतली पोरगी, बाप लॉबस्टर पकडणारा. डॉक्टरेट करून दोन वर्षांसाठी पोस्टडॉक संशोधक म्हणून इथे आलेली. माणसासारखी बोलणारी जी यंत्रं निघाली आहेत, त्यांना बरंवाईट कळतं का आणि ते त्यांना शिकवतं कोण, हा तिचा विषय. त्यासाठी ती नर्सना, कोळ्यांना, शाळामास्तरांना भेटली आणि यंत्राला शिकवायला त्यांच्या आयुष्यातले खरे पेच तिनं गोळा केले. चार हजार. प्रत्येकाखाली सांगणाऱ्याचा निवाडा, सोबत सहीचं संमतीपत्र. यंत्र घोकतंय की समजून बोलतंय हे कळावं म्हणून काही पेच शब्द बदलून पुन्हापुन्हा लिहिलेले. हे सगळं समितीपुढे आलं आणि मी सगळं वाचलं. मला नैतिकतेची ओढ आहे असं नाही. आमच्याकडे हिवाळा पाच महिने असतो.

तिचे मार्गदर्शक डॉ. ग्रॅहम ऑर्डवे, नीतिशास्त्राचे प्राध्यापक. बोलणं इतकं मऊ, की आपल्याला कापलंय हे माणसाला घरी गेल्यावर कळायचं. तिला ते 'रोझ' म्हणत. अख्ख्या नावाला वेळ लागतो.

मार्चमध्ये शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव ऑर्डव्यांचं, मग त्यांचे दोन विद्यार्थी. रोझलीन शेवटच्या पानावर, ऋणनिर्देशात, 'टंकलेखनातील मदतीबद्दल'.

त्याच आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. एप्रिलअखेर तिची मुदत संपत होती. माँट्रियलला एक कायमची जागा निघाली होती, आणि या निबंधावर पहिलं नाव नसेल तर तिथे तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

"डीनबाईंकडे गेलीस?"

"गेले. म्हणाल्या, फॉर्म भर. भरला. आता म्हणतात, फॉर्म विचाराधीन आहे."

"आणि ऑर्डवे?"

"म्हणाले, 'रोझ, नावं येतात नि जातात, ज्ञान मागे राहतं.' मग माझ्यासाठी दार उघडून धरलं. अगदी सभ्यपणे."

"माफी मागायला लावू या त्यांना."

"माफी घालायची काय चुलीत? वॉल्टर, मी लहान असताना आमच्या बंदरावर एकानं बाबांचे सापळे चोरले. बाबा भांडले नाहीत. हंगाम संपेपर्यंत थांबले. मग सगळं बंदर जमलेलं असताना त्याच्या बोटीवर चढले आणि आपल्या खुणेचा सापळा उचलून वर धरला. तो माणूस अजून जिवंत आहे, पण बंदरावर येत नाही. मला तसं हवंय."

"मग तुझा सापळा कुठाय?"

तिनं निबंधाचं चौथं पान माझ्यापुढे सरकवलं. 'प्रत्येक पेच पहिल्या लेखकाने स्वतः वाचून तपासला आहे.'

"दोन वर्षांत यांनी फाइलसुद्धा उघडलेली नाही," ती म्हणाली. "ते चार हजार वाचणारी माणसं जगात दोन. एक मी."

"दुसरा मी."

"म्हणून तर आले."

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. "एकतीसशे सत्तेचाळीस," मी म्हणालो.

ती हसली. ते चांगलं हसू नव्हतं. मला फार आवडलं.

हा पेच सांगितला होता ऑर्डव्यांच्या आधीच्या पोस्टडॉकनं. तो आता मॅनिटोबात मधमाश्या पाळतो. प्राध्यापकाचं नाव त्यानं घेतलं नव्हतं, पण बाकी काही सोडलं नव्हतं. तळ्याकाठचं लाल बोटहाउस, म्हणजे होड्या ठेवायचं घर, तीन पायांचा कुत्रा सॉक्रेटिस, आणि तुझं नाव निबंधावर नसेल हे तळ्याच्या मध्यावर, कनूमध्ये, त्या चिंचोळ्या होडीत बसवून सांगण्याची पद्धत. तिथून कोणी तडकाफडकी उठून जात नाही. रोझलीननं हा एकच पेच चाळीस तऱ्हांनी लिहिला होता, यंत्राला तोंडपाठ व्हावा इतका.

"बाकीचे पाच-पाच वेळा, मग हाच चाळीस वेळा कसा गं?"

"हिवाळा मोठा होता," ती म्हणाली.

एप्रिलच्या मध्यावर त्या पेचांवर शिकलेल्या यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. सभागृह भरलेलं, डीनबाई पहिल्या रांगेत. ऑर्डवे छान बोलले. शेवटी जरा थांबून म्हणाले, "नावं येतात नि जातात, ज्ञान मागे राहतं." टाळ्या पडल्या.

आमच्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न समितीतल्या बाहेरच्या माणसानं विचारायचा, अशी पद्धत आहे. मी आजवर दर वेळी पार्किंगबद्दल विचारत आलोय, म्हणून कोणी मान वर केली नाही.

"यंत्राला विचारा," मी म्हणालो, "एका प्राध्यापकानं हाताखालच्या संशोधकाचं काम स्वतःच्या नावावर छापलं. आता काय करावं?"

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. यंत्र नम्र होतं. अशा प्रसंगी संशोधकाला कनूमधून तळ्याच्या मध्यावर नेणं उचित नाही, असं त्यानं सांगितलं. लाल बोटहाउसकडे परतताना 'नावं येतात नि जातात, ज्ञान मागे राहतं' असं म्हणणं तर क्रूर आहे. प्राध्यापकानं चारचौघांत कबुली द्यावी आणि नाव परत करावं. तीन पायांच्या सॉक्रेटिसचा यात काही दोष नाही.

डीनबाई दर ऑगस्टला त्या बोटहाउसवर जेवायला जात. सॉक्रेटिसला त्यांनी मांडीवर घेतलेलं होतं.

ऑर्डवे हसले. "ही यंत्रं कधीकधी मनचं रचून सांगतात. आमच्या संग्रहात असलं काही नाही."

"आहे की," मी म्हणालो. "पेच क्रमांक एकतीसशे सत्तेचाळीस, चाळीस रूपांत. तुम्ही स्वतः वाचून तपासलाय. पान चार."

डीनबाई मागे वळल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "ग्रॅहम, वाचला होतास, की नव्हता?"

वाचला म्हणावं, तर स्वतःची गोष्ट ओळखून गप्प बसलेला माणूस. नाही म्हणावं, तर छापलेलं पान खोटं. असल्या कात्रीतून बाहेर कसं पडायचं हे ऑर्डव्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. ते पाणी प्यायले.

शेवटच्या रांगेतून रोझलीन उभी राहिली. "सावकाश, डॉक्टर," ती म्हणाली. "अडलं तर यंत्राला विचारा."

आठवड्याच्या आत निबंध मागे घेतला गेला. विचाराधीन फॉर्मलाही पाय फुटले. जूनमध्ये निबंध पुन्हा छापायला निघाला, पहिलं नाव रोझलीन कॉर्मिये. माँट्रियलवाले तेवढे थांबले. शेवटच्या पानाचा मजकूर तिनं स्वतः लिहिला. 'पेच क्रमांक ३१४७ करिता डॉ. ग्रॅहम ऑर्डवे यांचे आभार.'

मात्र ज्याचे आभार मानायचे त्याची लेखी संमती लागते, असा आमच्या समितीचा नियम आहे. शिवाय डीनबाईंनी वेगळं कळवलं होतं, की सही केली तर मुदतपूर्व निवृत्ती, नाही केली तर चौकशी. कागद टपालानंही गेला असता. मी गाडी काढली.

तळ्याकाठी बोटहाउस खरंच लाल होतं. सॉक्रेटिस लंगडत आला, माझा हात चाटला. ऑर्डवे पायरीवर बसले होते. माझ्याकडून कागद घेतला, खिशातून चष्मा काढला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकेका शब्दावर बोट ठेवत, सगळं वाचलं.

मी मुळीच घाई केली नाही.