टक् वाजेपर्यंत

पकडकाकांच्या घरात सैल असं काही नव्हतंच. त्यांचा जन्म नळ जोडण्यात गेला, त्यामुळे जोड नीट बसला तरी वर एक पीळ जास्तीचा द्यायचाच. बोलण्यातही तेच. फोनवर "ठेवतो" म्हटल्यावर आणखी तीन सूचना यायच्या. काकू त्यांना शोभेल अशाच. त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण उघडायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागे. मुलगा रोज जिममध्ये जायचा आणि मिळवलेली ताकद घरातल्या दारांच्या कड्यांवर खर्च करायचा.

लेक तेवढी हलक्या हाताची, कुणावर गेली कोण जाणे. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. जुन्या गाडीला तिनं हौसेनं नवी अलॉय चाकं आणली आणि स्वतःच बसवली. आता त्याच गाडीनं तिला एकटीनं जायचं होतं.

"वाटेत पंक्चर झालं तर?" काकांनी अट घातली. "निघायच्या आधी माझ्यासमोर एक चाक काढून परत बसवून दाखव. नाही जमलं तर तुझा भाऊ तुला सोडेल आणि गाडी परत आणेल."

"चालेल," लेक म्हणाली. इतकी सहज म्हणाली की काकांना ते जरा लागलंच.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे गाडीभोवती जमले. लेकीनं नटाला पाना लावला आणि जोर केला. नट ढिम्म. तिनं पान्यावर पाय ठेवून भार दिला. तरी ढिम्म. दुसरा नटही तसाच.

"काल मीच लावलेत," ती पुटपुटली. तिचा चेहरा पार उतरला.

काकांना घाम फुटला. काल ती सामान भरत असताना त्यांनी आपला मोठा पाना आणून एकूण एक नट पिळला होता. लांबचा रस्ता, घट्ट असलेलं बरं, एवढाच विचार. आता नुसतं गप्प राहिलं की झालं. मुलगा बरोबर जाईल, गाडी घरी येईल, आणि लेकीला सुट्टीला आणायला आपल्यालाच जावं लागेल. मोह काही लहान नव्हता. पण लेकीनं डोळे पुसून पुन्हा पान्यावर पाय ठेवला, आणि त्यांना ते बघवेना.

"थांब. तुझं काही चुकलं नाही. काल मी पिळलेत ते."

मुलानं मान खाजवली. "बाबा, तुमच्यानंतर मीपण एकदा."

मग तिघंही काकूंकडे बघू लागले. काकू घाईघाईनं पायपुसणं झटकायला लागल्या. "माझ्याकडे काय बघता? मी नुसता हात लावला."

"कशानं?"

"ह्यांच्याच पान्यानं."

लेक पायरीवर बसून पोट धरून हसली. काकांनी गोदामातून लोखंडी पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला, तेव्हा कुठे नट करकरत सुटला.

"जास्त पिळला की बोल्ट ताणला जातो, बाबा, आटे खराब होतात," ती म्हणाली. "आणि मी वाटेत एकटी असते तर हा पाइप कुठून आणला असता?"

काकांनी पाइप तिच्या हातात दिला. तिनं सगळ्या चाकांचे नट सैल केले. मग जॅकनं गाडी उचलून एक चाक काढलं आणि परत चढवलं. नट आधी बोटांनी फिरवले, नंतर एक झाला की त्याच्या समोरचा, असे हळूहळू आवळले, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. गाडी जमिनीवर टेकल्यावर तिनं आपला खास पाना काढला. ठरवलेला जोर आला की तो टक् वाजायचा. चारही चाकांचे नट तिनं त्या पान्यानं आवळले आणि शेवटच्या नटाला पाना काकांच्या हातात दिला.

"टक् वाजलं की थांबायचं."

काकांनी ओढलं. टक्. त्यांचे हात आणखी एका पिळासाठी शिवशिवत होते. काकूंनी आणि मुलानं माना पुढे काढल्या. काकांनी पाना काढून लेकीला परत दिला.

ती गेली. दुपारी तिचा फोन आला. "बाबा, थांबून सगळे नट परत तपासले. एकही हलला नाही."

"छान. आता जा पुढे," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

"अहो, ठेवलात काय? अजून कितीतरी सांगायचं होतं तिला," काकू म्हणाल्या.

"टक् वाजलं," काकांनी सांगितलं.