पंचविसांत नसलेले बगळे

नेल्डा प्रुइट आमच्या वर्तमानपत्रात एकोणतीस वर्षं कॉलेजच्या फुटबॉलवर, म्हणजे चेंडू हातानं फेकायच्या आमच्या अमेरिकी फुटबॉलवर, लिहीत होती आणि मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून पानं लावत होतो. दक्षिण टेनेसीतलं आमचं बेल्फोर्ड म्हणजे एक कॉलेज, कॉलेजचं मैदान आणि त्याभोवती उरलेलं गाव. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. शनिवारी सामना असला की मैदानात गावाच्या चौपट माणूस जमायचं.

दर ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, देशभरातले एकसष्ट क्रीडापत्रकार आपापल्या मते पहिले पंचवीस संघ कोणते याची यादी पाठवतात. त्या सगळ्यांची बेरीज होऊन क्रमवारी लागते. तोवर चेंडूला कोणाचा हातही लागलेला नसतो. पण त्या आकड्यावर लोक लग्नाच्या तारखा पुढंमागं करतात. त्या एकसष्टांतलं एक मत नेल्डाचं होतं. आमच्या गावात महापौर कोण ते पुष्कळांना सांगता आलं नसतं, नेल्डाला मात्र कुत्रीसुद्धा ओळखायची.

यादी ती एकटी करत नसे. तिचा नवरा होयट शाळेत गणित शिकवायचा आणि शुक्रवारी शाळांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. दोघं घरामागच्या ओसरीत वही घेऊन बसत. होयट लिहायचा, नेल्डा खोडायला लावायची. त्याला दर वर्षी बगळ्यांना कुठंतरी घुसवायचं असे.

"तू भावनेच्या आहारी जातोस," ती म्हणायची.

"घरात एकाला तरी भावना असू दे की," तो म्हणायचा.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मे महिन्यात होयट गाडीचे टायर बदलायला गेला. दुकानातल्या बाकावर नंबरची वाट बघत बसला आणि बसल्या जागी गेला. नाव तीनदा पुकारलं तरी उठेना, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

आठवड्याभरानं नेल्डा कामावर आली. रडली नाही. बातम्या वेळेवर, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. कोणी खांद्यावर हात ठेवला तर तो हात निघेपर्यंत ती थांबायची आणि मग पुढचं वाक्य टाइप करायची. जूनमध्ये लोकांनी हात ठेवणं सोडलं. जुलैत होयटचं नाव काढणंही सोडलं. गावाला दुसरा विषय मिळाला होता.

मागच्या वर्षी बगळ्यांनी ध्यानीमनी नसताना तेरापैकी अकरा सामने मारले होते. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक टकर लॅशली याही वर्षी होता आणि त्याला राखणारे पाचही दांडगे गडी होते. जो तो म्हणत होता, यंदा पहिल्या दहांत.

यादी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. साडेअकराला मी म्हणालो, "नेल्डा, यादी गेली का?"

"जाते," ती म्हणाली.

पिशवीतून तिनं वही काढली, उघडून शेजारी ठेवली आणि एकेक नाव बघून टाइप करायला लागली. दहा मिनिटांत काम उरकलं. मला वाटलं, चला, बाई सावरतेय.

सोमवारी क्रमवारी लागली. बगळे सहावे! गावात असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं. रस्त्यावर गाड्यांनी भोंग्यांचा धडाका लावला, न्हाव्यानं काचेवर चुन्यानं माणसाएवढा सहाचा आकडा काढला. तासाभरानं कोणीतरी प्रत्येक पत्रकाराची यादी उघडून बघितली. या याद्या कोणालाही बघायला मिळतात. साठ जणांनी बगळ्यांना वर-खाली कुठंतरी घेतलं होतं. एका यादीत ते नव्हतेच. ती बेल्फोर्डहून गेली होती.

आमचा संपादक कर्टिस मेबरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"नेल्डा, काही चुकलं का?"

"नाही."

"अगं, सहावे नको, पंचविसावे तरी? आणि मागच्या वर्षी नऊ सामने हरलेला तो संघ तू चौथा लावलायस!"

"पाठवली ती पाठवली, कर्टिस."

"लोक आपल्या खिडक्या फोडतील."

"मी खिडकीपाशी बसत नाही."

हे ती विनोदानं म्हणाली नव्हती. बसत नव्हती म्हणून म्हणाली.

खिडक्या फुटल्या नाहीत, पण फोन खणखणत राहिला. एका आजीबाईंनी सांगितलं की त्या चाळीस वर्षं पेपर घेतायत, उद्यापासून तो मांजराखाली अंथरणार. नेल्डानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." मंगळवारी आम्ही जोडी टिडवेल नावाच्या बाईच्या खानावळीत जेवायला गेलो. जोडीनं मला ताट दिलं, त्यावर मक्याचा पाव होता. नेल्डाच्या ताटात नव्हता.

"पाव संपला, बाई," जोडी म्हणाली. तिच्या कोपराशी टोपली भरलेली होती.

"चालेल," नेल्डा म्हणाली आणि घेवडा खाऊ लागली.

जोडीचाच चेहरा पडला. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भिंत मिळाली की होतं तसं.

गुरुवारी कॉलेजात पत्रकार परिषद होती. कोच लमार ब्रॅनम हा आमच्याच तालुक्यातला, बैलासारख्या मानेचा माणूस. त्यानं नेल्डाची यादी मोठी छापून घेऊन खेळाडूंच्या खोलीत, दारासमोरच, चिकटवली होती. पोरं आत येताना त्या कागदावर थाप मारून येत.

"नेल्डाबाई," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्ही तुमचं काय घोडं मारलंय ते एकदा सांगून टाका."

सगळे हसले.

"राग नाही, कोच," ती म्हणाली. "लॅशलीचा खांदा कसा आहे?"

"उत्तम. तुमच्या कृपेनं रोज दोनशे चेंडू जास्त फेकतोय."

तिनं ते लिहून घेतलं.

परत येताना मी गाडी चालवत होतो. मला राहवेना. "मला तरी सांग. तुला त्यांच्यात काय दिसलं?"

तिनं पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी गाडी कडेला घेतली. होयटचं गणिताच्या मास्तरचं टोकदार अक्षर. पंचवीस नावं, आणि खाली समासात लिहिलेलं: 'आपले बगळे? नेल्डा म्हणते नाही.' पानावर तारीख होती. ती आदल्या वर्षीच्या ऑगस्टची होती.

"गेल्या वर्षीची यादी पाठवलीस?"

"हो."

"चुकून?"

"पहिली तीन नावं चुकून. चौथ्याला लक्षात आलं." ती समोरच्या काचेतून बघत होती. "पुढच्या पानावर काही नव्हतं, वेंडेल. कोरं होतं. मी टाइप करत राहिले."

"मग अजून सांगून टाक. माणसं समजून घेतील."

"घेतील," ती म्हणाली. "मग सगळे पुन्हा खांद्यावर हात ठेवतील."

मी वही मिटून परत दिली आणि गाडी सुरू केली. कर्टिसला सांगितलं नाही. आपण सांगावं असं ते नव्हतं.

पहिला सामना घरच्या मैदानावर, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका संघाशी होता. बगळे तीन गुणांनी हरले. लोक म्हणाले, झोपेत होते, जागे होतील. दुसऱ्या सामन्यात लॅशलीचा खांदा निखळला. तिसऱ्यात त्याच्या जागी आलेल्यानं चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. सप्टेंबर संपेस्तोवर सहावे असलेले बगळे दर आठवड्याला बदलणाऱ्या क्रमवारीतून पार बाहेर गेले होते. न्हाव्यानं काच पुसली, पण आकडा नीट निघाला नाही.

आणि मग गावाला नेल्डा आठवली. साठ जण आंधळे निघाले, एकटी आमची बाई डोळस! खानावळीत जोडीनं तिच्या ताटात पावाचे दोन तुकडे ठेवले आणि वर लोणी. "बाई, तुम्हाला कसं कळलं हो?" नॅशव्हिलच्या टीव्हीवाल्यांनी मुलाखत मागितली. मांजराखाली पेपर अंथरणाऱ्या आजीबाईंनी फोन करून पुढच्या वर्षीचं विचारलं. नेल्डानं याही सगळ्याला "बरं" म्हटलं. शिव्या जितक्या आत गेल्या होत्या तितकीच स्तुती आत गेली. म्हणजे जराही नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आम्ही सराव बघायला गेलो. कोच ब्रॅनम एकटाच कठड्याला टेकून उभा होता. तो वाळला होता. त्याला काढणार अशी बातमी होती आणि ती नेल्डानंच छापली होती.

"बाई, तुमची यादी मी थट्टेवारी नेली," तो म्हणाला. "रोज पोरांना ती दाखवून पळवलं. म्हटलं, या बाईला खोटी पाडा. ऐकायला पाहिजे होतं मी तुमचं."

नेल्डानं वही मिटली. मग म्हणाली, "कोच, मी काही बोललेच नव्हते. ती मागच्या वर्षीची यादी होती. होयटच्या वहीतली. मी बघून उतरवली."

ब्रॅनमनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान डोलावली.

"म्हणजे यंदाचा तुम्ही विचारच केला नव्हता?"

"नाही. त्या दिवशी मला कशाचाच विचार येत नव्हता. तुमच्या त्या पोराचा खांदा..."

"खांद्याचा निर्णय माझा. कागदानं नाही फेकायला लावलं त्याला." तो रागानं म्हणाला, पण राग तिच्यावर नव्हता. मग त्यानं विचारलं, "होयट म्हणजे आपले प्रुइट मास्तर? पंच?"

"हो."

"मी सोळा वर्षांचा असताना नियम मोडला म्हणून त्यांनी माझ्यावर पिवळा रुमाल टाकला होता. पंधरा यार्डांचा दंड. मी शिवी दिली, तर जवळ येऊन म्हणाले, 'लमार, दंड तीस करू का? मला पंधराचा पाढा पाठ आहे.'"

नेल्डाच्या तोंडून एक आवाज आला. हसणं म्हणावं असा नव्हता तो, पण त्या वाटेवरचा होता.

"मेमध्ये गेला तो," ती म्हणाली.

"मला माहीत होतं, बाई. यायला हवं होतं मी. नाही आलो."

तो शिट्टी तोंडात घालून पोरांकडं गेला.

दुसऱ्या दिवशी नेल्डानं आठ ओळी लिहून कर्टिसच्या पुढ्यात ठेवल्या: यादी जुनी होती, मला काहीही आधी कळलं नव्हतं, मत मी परत करते आहे. कर्टिस म्हणाला, "हे छापलं तर आपलं हसं होईल." नेल्डा म्हणाली, "नाही छापलंस तर मी दुसरीकडं छापते." चौथ्या पानावर छापलं. गावानं वाचलं आणि गावाला ते पटलं नाही. जोडी मला म्हणाली, "मोठी माणसं अशीच असतात हो, मोठेपणा घेत नाहीत." मत मात्र मेम्फिसच्या कुणा तरुणाकडं गेलं. तो दूरचित्रवाणीवर फार बोलतो म्हणतात.

बगळ्यांनी सहा जिंकले, सहा हरले. शेवटचा सामना नोव्हेंबरच्या अखेरीस परगावी होता, थंडी हाडात शिरत होती. हरलो. ब्रॅनमला त्याच संध्याकाळी काढलं. नेल्डानं बातमी उभ्या उभ्या लिहून पाठवली आणि गाडीत येऊन बसली. रेडिओवर आत्तापासूनच पुढच्या वर्षीचा हिशोब चालला होता: कोण येणार, कोण जाणार, पुढच्या ऑगस्टात कितवे. तिनं हात लांब करून तो बंद केला.

बरेच मैल मागं पडले. मग तिनं हातमोजे काढले आणि म्हणाली, "वेंडेल, तुझ्या मुलीचं ते नर्सिंगचं काय झालं रे? परीक्षा होती ना तिची?"

परीक्षा जूनमध्ये झाली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो.